पश्चात्तापातला दुसरा त

आमच्या सासूबाईंनी चोरी केली. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्यांची बाजू घेताना मला कोणी अडवायला नको. रोज सकाळी पहिला चहा व्हायच्या आत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, नाकावर चष्मा आणि हातात स्टीलची पट्टी घेऊन त्यांनी दोन वर्षं चोरी केली. एक दिवस खाडा नाही. अंगात ताप असतानासुद्धा नाही.

चोरी शब्दकोड्याची. हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या.

सासूबाई एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात जुळारी होत्या. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, ओळीला ओळ जुळवायची, असं ते काम. छापखान्यात त्या अक्षरांना खिळे म्हणतात आणि ते उलटे असतात. त्यामुळे सासूबाईंना उलटं वाचायची इतकी सवय, की समोरच्याच्या हातातला कागद त्या पलीकडून सहज वाचतात. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी टेबलावर बसून माहेरी पत्र लिहीत होते. समोर भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "'कडक'च्या आधी 'फार' नको, जरा जास्त होतंय." तेव्हापासून मी त्यांच्यासमोर काही लिहीत नाही.

पुढे खिळे गेले, संगणक आले. त्याही शिकल्या. त्या पेपरातलं रोजचं शब्दकोडं बावीस वर्षं त्यांच्या हातून गेलं. मग छपाई बाहेर द्यायचं ठरलं आणि छापखान्यातल्या सगळ्यांना एकाच दिवशी घरी पाठवलं. त्याबद्दल सासूबाई कधी कुरकुरल्या नाहीत. त्या कुरकुरल्या कोड्यावरून.

कोडं आधी मागच्या पानावर यायचं, हवामानाच्या शेजारी. पेपर वाचनालयात मिळायचा, न्हाव्याकडे मिळायचा, शेजारून मागून आणता यायचा. एक दिवस त्या जागी साबणाची जाहिरात आली आणि खाली बारीक अक्षरांत ओळ होती, की शब्दकोडं यापुढे फक्त आमच्या ॲपवर. पेपराची वर्गणी वेगळी, कोड्याची वेगळी. मी भोळी. मी माझ्या नावावर कोड्याची वर्गणी भरली आणि वाढदिवसाची भेट म्हणून सासूबाईंच्या फोनवर कोडं सुरू करून दिलं. केवढी खूश होते मी स्वतःवर.

चौथ्या दिवशी त्या आलेखाची वही घेऊन बसल्या. कोडं जसंच्या तसं वहीत उतरवायचं, काळ्या चौकोनांत चार तिरप्या रेघा मारायच्या, खाली शोधसूत्रं लिहायची, आडवी वेगळी, उभी वेगळी, छापल्यासारख्या अक्षरात. मग त्या पानाचा फोटो ग्रुपवर. ग्रुपचं नाव 'चौकोन'. सुरुवातीला त्यात सात जण होते, वाचनालयातले जुने. वर्षभरात दोनशे झाले. एक निवृत्त बसकंडक्टर होता, तो दहा मिनिटांत सोडवून वर शेरे मारायचा. एक नर्स होती. तिच्या वॉर्डात लोक चार-चार तास सुया लावून रक्त शुद्ध करून घेत पडलेले असत. एक हात मशीनला बांधलेला, दुसरा मोकळा. ती कोड्याच्या चौदा प्रती काढायची आणि त्या मोकळ्या हातांत पेन्सिली द्यायची.

"आई, फोनचाच फोटो काढून पाठवा की," मी म्हटलं होतं. "अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

"त्यात चुका असतात," त्या म्हणाल्या.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना 'हे दिसतंय की ते दिसतंय' विचारायचं आणि वर त्यांची किटकिट ऐकायची. त्यामुळे घरी आल्यावर वाद घालायला माझ्यात भरपूर जोर असतो.

"ही चोरी आहे," मी सांगितलं. "उद्या कोणी आमच्या दुकानातून फ्रेम उचलून वाटायला लागलं तर?"

"फ्रेम उचलली तर तुमच्या दुकानातली फ्रेम गेली. कोडं उतरवलं तर त्यांचं काय गेलं? आहे तिथंच आहे ते."

"आणि जो माणूस बसून कोडं तयार करतो, त्याचं काय?"

सासूबाईंचं उत्तर नेहमी तयार असतं. त्या दिवशी नव्हतं. त्यांनी पट्टी पुसली, वही मिटली आणि भात लावायला उठल्या. मला वाटलं, जिंकले मी. दुसऱ्या दिवशी सकाळी वही पुन्हा टेबलावर. माझ्या नवऱ्याने हात वर केले. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाला. त्याचं हे ठरलेलं आहे, घरात आग लागली तरी तो हेच म्हणेल.

कोडं तयार करणाऱ्या त्या माणसाला सासूबाई चांगल्या ओळखत होत्या. छापखान्यात त्याला सगळे आडवेउभा म्हणायचे. कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवायचा आणि दर सोमवारी आठवड्याची सात कोडी पिशवीतून घेऊन यायचा. कोडी झकास, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने शंख. 'आशीर्वाद'ची वेलांटी पहिली, 'ऊर्जा'चा उकार पहिला, 'महत्त्व' लिहिताना एक त खाऊन टाकलेला. सासूबाई जुळवताना सगळं सुधारायच्या, आणि पुढच्या सोमवारी हा भांडायला हजर.

"बाई, 'महत्त्व'ला चौकोन तीनच लागतात. शेवटच्या चौकोनात एक त आहे की दोन, कोण बघतंय?"

"मी बघतेय."

बावीस वर्षं हे एकच भांडण. त्याचं नाव मात्र कोड्याखाली एकदाही छापलं गेलं नाही. तशी पद्धत नव्हती म्हणे.

तर एक दिवस दुकानात असताना माझ्या फोनवर पेपराची मेल आली. सगळ्या वर्गणीदारांना एकच मजकूर होता. आमचं शब्दकोडं कोणीतरी उतरवून फुकट वाटतं आहे, या महिन्यापासून प्रत्येक वर्गणीदाराच्या कोड्यात गुप्त खूण घातलेली आहे, चोर सापडताच खातं बंद आणि वर कायदेशीर कारवाई. खातं माझ्या नावावर. चोर सासूबाई, आणि कोर्टात मी.

घरी येऊन मी मेल वाचून दाखवली. सासूबाईंनी पोळीवरून नजर काढली नाही.

"घालू देत खुणा," त्या म्हणाल्या. "त्या चौदा लोकांना जाऊन सांग, की बाबांनो, खूण आहे म्हणून आजपासून छताकडे बघत पडा."

"मी सांगणार नाही, तुम्ही सांगा."

"मी कशाला सांगू? मी पाठवणार आहे."

तीन आठवडे मी दारावरची घंटा वाजली की दचकत होते. काहीच झालं नाही. कोडं रोज जात होतं. चौथ्या आठवड्यात, रविवारी दुपारी, घंटा वाजली आणि दारात एक उंच, वाकलेला म्हातारा उभा. खांद्याला पिशवी. सासूबाईंनी आतूनच विचारलं, "कोण आहे?"

"एका त-चा माणूस," तो म्हणाला.

सासूबाई इतक्या पटकन उठलेल्या मी दहा वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

आडवेउभा टेबलाशी बसला. पिशवीतून त्याने कागदांचा गठ्ठा काढून ठेवला. सासूबाईंनी उतरवलेली कोडी, त्यांच्याच अक्षरात, छापून काढलेली.

"ऑफिसात गेले तीन आठवडे हे कागद बघत बसलेत," तो म्हणाला. "खूण काय होती सांगू? प्रत्येकाच्या कोड्यात एक निराळी चूक. कोणाच्या तिसऱ्या सूत्रात वेलांटी चुकलेली, कोणाच्या नवव्यात काना गळलेला. फुकटच्या कोड्यात जी चूक येईल तिच्यावरून माणूस ओळखायचा, असा बेत. आणि फुकटच्या कोड्यात चूकच नाही. एकही नाही. ते म्हणतात, चोर फार पोहोचलेला आहे, खूण पुसून टाकायचं यंत्र असणार त्याच्याकडे." त्याने सासूबाईंच्या हातातल्या स्टीलच्या पट्टीकडे पाहिलं. "मला पहिल्या दिवशीच कळलं. माझी वेलांटी सुधारल्याशिवाय जिला राहवत नाही अशी एकच बाई मला माहीत आहे."

सासूबाई हसल्या नाहीत. "त्या चुका कोणी घातल्या?"

"मी. मलाच घालायला सांगितल्या."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"लाज नाही वाटली?"

"वाटली," तो म्हणाला. "आयुष्यभर नकळत चुका केल्या, बाई. समजून उमजून चूक लिहिताना हात चालत नव्हता."

मग त्याने खरं काय ते सांगितलं. ॲपवर कोडं उघडणारे कमी झाले होते. का ते या घरात कोणाला समजवायला नको. व्यवस्थापकाने यंत्राने बनवलेली तयार कोडी बघून ठेवली होती. सोमवारी अकराला बैठक. आडवेउभ्याला सांगितलं होतं, कोड्याच्या जगातली माणसं तुम्हाला माहीत आहेत, चोराचं नाव आणा, कोडं अजून एक वर्ष चालवू. नाव नाही आलं तर या महिन्याअखेर बंद.

"मग?" सासूबाईंनी विचारलं.

"मग काय. मी नाव सांगणार नाही. तुम्ही थांबा असंही म्हणायला आलेलो नाही, त्या वॉर्डाचं मला तुमच्या ग्रुपमधल्या एकाकडून कळलंय." तो कपाकडे बघत राहिला. "बायको गेल्यापासून मी सकाळी उठतो तो आडवा एक शोधायला. ते बंद झालं तर कशासाठी उठायचं, मला माहीत नाही. हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून आलो."

चहा तसाच ठेवून तो गेला. कागदांचा गठ्ठाही टेबलावरच राहिला.

रात्री भांडी घासताना सासूबाई अचानक म्हणाल्या, "तू विचारलं होतंस ना, जो बसून तयार करतो त्याचं काय. तेव्हाच कळलं होतं मला, तू बरोबर बोलतेयस ते. उत्तर नव्हतं म्हणून गप्प बसले."

दोन वर्षं वाट पाहिलेलं वाक्य मिळालं, आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

"उद्या अर्धी रजा टाक," त्या म्हणाल्या. "मला त्या ऑफिसचा जिना एकटीला झेपायचा नाही."

सोमवारी अकराला आम्ही पेपराच्या ऑफिसात होतो. खाली पूर्वी छापखाना होता तिथे आता गाड्या लावतात. सासूबाई एका निळ्या गाडीपाशी थांबल्या, म्हणाल्या, "इथे माझी जागा होती," आणि जिना चढायला लागल्या. माझ्या हातात दोन पिशव्या, त्यांत अकरा वह्या.

बैठकीच्या खोलीत व्यवस्थापक होता, एक वकीलबाई होती आणि टेबलाच्या टोकाला आडवेउभा. आम्हाला बघून त्याचा चेहरा उतरला. सासूबाईंनी मला खूण केली. मी वह्या टेबलावर रचल्या.

"तुमचा चोर," सासूबाई म्हणाल्या. "मी. यांनी शोधून काढलं मला. काल घरी येऊन हजर राहायला सांगितलं, म्हणून आले."

"बाई, मी असं काही..." आडवेउभा उठायला लागला.

"तुम्ही बसा. बोललात तर पुन्हा चुकाल." त्या व्यवस्थापकाकडे वळल्या. "नाव आणलं तर वर्षभर कोडं चालवू, असा शब्द तुम्ही यांना दिलाय. यांनी नाव नाही, अख्खं माणूस आणलंय. शब्द पाळणार ना?"

व्यवस्थापक सभ्य माणूस होता. त्याने आधी खुर्ची दिली, मग वही उघडली आणि पानं उलटत राहिला. "हे सगळं हाताने?" त्याने विचारलं.

"मग काय पायाने?"

"आणि खूण कशी पुसलीत?"

"कसली खूण? चूक होती, सुधारली. मी इथे बावीस वर्षं तेच करत होते. तेव्हा त्याचा पगार देत होतात तुम्ही."

वकीलबाईने तोंडावर हात धरला, खोकल्यासाठी की कशासाठी ते मला दिसलं नाही. व्यवस्थापकाने माझ्याकडे पाहिलं. "खातं तुमच्या नावावर आहे. तुम्हाला हे माहीत होतं?"

या प्रश्नाचं उत्तर मी रात्रभर पाठ केलं होतं. मला काही माहीत नव्हतं, मी दिवसभर दुकानात असते, म्हाताऱ्या माणसांना कळत नाही, वगैरे. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"माहीत होतं," मी म्हटलं. "फोटो मीच काढते. फोन धरला की त्यांचा हात कापतो, फोटो हलतो."

हे मी तुम्हालाही आतापर्यंत सांगितलं नव्हतं. चोरी आहे असं रोज बजावायचे, आणि रोज फोटोही काढून द्यायचे. वॉर्डातल्या लोकांना हललेला फोटो वाचता आला नसता. सासूबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही, पण टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

शेवटी एक कागद पुढे आला. यापुढे असं करणार नाही, असं लिहून द्यायचं. माझं खातं कायमचं बंद, मात्र कोर्टकचेरी नाही. सासूबाईंनी चष्मा चढवला आणि पेन मागितलं. सही करतील असं सगळ्यांना वाटलं. त्या वाचायला लागल्या.

"'प्रसारित'ची रि पहिली. 'कायदेशीर'ची शी दुसरी." पेनाने त्यांनी दोन्ही सुधारलं. शेवटच्या ओळीवर थांबल्या. झालेल्या कृत्याबद्दल मला पश्चाताप होत आहे, असं होतं ते. "'पश्चात्ताप'ला दोन त. एक इथे हवा." त्यांनी दुसरा त नीट, सावकाश लिहिला. मग तो सगळा शब्दच आडवी रेघ मारून खोडला.

"हे काय?" वकीलबाई म्हणाली.

"शब्द शुद्ध करून दिला. आता खोडते, कारण तो खरा नाही. यापुढे उतरवणार नाही, हे खरं आहे, त्यावर सही करते. या माणसाच्या पोटावर पाय आला त्याचं वाईट वाटतं, तेही खरं आहे, पण ती माफी यांच्याकडे मागायची. तुमच्याकडे नाही. मागच्या पानावरचं कोडं उचलून तुम्ही कुलपात ठेवलंत. मी ते चौदा लोकांच्या मोकळ्या हातात दिलं, आणि त्याचा मला काडीचाही पश्चात्ताप नाही." त्यांनी सही केली. "आणि कोड्याखाली यांचं नाव घाला. इतक्या वर्षांत घातलं नाहीत."

आडवेउभ्याने जिन्यात आम्हाला गाठलं.

"मला चहाडखोर केलंत तुम्ही. इथे प्रत्येक जण आता म्हणणार, म्हाताऱ्याने स्वतःसाठी जुनी ओळख विकली."

"म्हणू देत," सासूबाई म्हणाल्या. "कोडं चालू राहील."

"मला विचारलंत?"

"नाही." त्या कठडा धरून उभ्या राहिल्या. "कोडं उतरवतानाही विचारलं नव्हतं. दोन्हींची माफी मागते. दोन्ही चुका माझ्या."

तो आमच्या पुढून जिना उतरून निघून गेला.

शब्द पाळला गेला. कोडं चालू राहिलं. नाव नाही छापलं. ग्रुपवर सासूबाईंनी सरळ लिहून टाकलं, की उद्यापासून कोडं येणार नाही, ज्याला जमेल त्याने वर्गणी भरावी, तयार करणाऱ्याचं घर त्यावर चालतं. दोनशेतल्या एकवीस जणांनी भरली. कंडक्टर 'घाबरलात' एवढंच लिहून ग्रुप सोडून गेला. नर्सने काहीच लिहिलं नाही, आणि ते सासूबाईंना सगळ्यात जास्त लागलं. सकाळी त्या वही उघडून बसायच्या, रिकामे चौकोन आखायच्या आणि पान फाडायच्या. मी चहा पुढे ठेवायचे आणि दुकानात जायचे.

सहाव्या सोमवारी मी दुकानातून परतले तर टेबलाशी आडवेउभा. समोर सात कोडी पसरलेली, सासूबाईंच्या हातात लाल पेन्सिल. दोघंही तारस्वरात भांडत होती. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

"आपल्या चुका तपासून घ्यायला दर सोमवारी येणार म्हणतात," सासूबाई मला म्हणाल्या. "मी म्हटलं, या. पगार नाही घेणार, म्हणजे कोणी काढून टाकायला नको."

सात तपासून झाल्यावर त्याने पिशवीतून आठवा कागद काढला. "हे त्यांना विकलेलं नाही," तो म्हणाला. "हे माझं. कोणाला पाठवायचं ते तुम्ही बघा. आठवड्याला एकच जमेल."

कागदाच्या माथ्यावर त्याने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं. सासूबाईंनी आधी ते नाव तपासलं, मग सूत्रं वाचायला लागल्या. लाल पेन्सिल हातात तयार. आडव्या सातपाशी ती थांबली. सूत्र होतं, 'कागदावर आला, सही करणारीला झाला नाही (४)'. त्याने उत्तरं खाली उलटी लिहिली होती, जुन्या पेपरात असायची तशी. सासूबाईंना कागद फिरवायची गरज नव्हती. त्यांनी बसल्या जागी ते उलटं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पेन्सिल खाली ठेवली.

"दोन त," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

मी फोन काढला आणि त्यांनी कोडं वहीत उतरवून होईपर्यंत शेजारी उभी राहिले. सर्वांत वर त्यांनी त्याचं नाव लिहिलं, छापल्यासारख्या अक्षरात. मग मी फोटो काढला. हलला नाही.